काळी एकमधला पंप

व्हॉल्व्हचं चाक तारेने आवळून बांधलेलं होतं आणि तारेवर हळद-कुंकू वाहिलेलं होतं.

"हे बांधून का ठेवलंय?" मी विचारलं.

"ते तसंच असते, मॅडम," वानखडेभाऊ म्हणाले. "त्याले हात लावाचा नाही."

नोकरीचा माझा तिसरा दिवस होता. अकोल्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी, कुंदा तायडे, वय तेवीस, अमरावतीच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून लागले होते. माझ्या हाताखाली एक माणूस होता, सुखदेव वानखडे, आणि तो माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा होता. रुग्णालयात एसी प्लँट बसवला त्या दिवसापासून, म्हणजे चौदा वर्षं, ते त्या तळघरात होते. दुपारचा डबा तिथेच खायचे, दसऱ्याला पंपाची पूजा करायचे आणि गुरुवारी संध्याकाळी गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायला जायचे.

प्लँटचं काम साधं होतं. खाली एक मोठं यंत्र पाणी गार करायचं आणि पंप ते पाणी नळांतून वर ढकलायचा. वर म्हणजे पहिल्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर, त्याच्या शेजारचा अतिदक्षता विभाग आणि अधीक्षक डॉ. पत्कींची खोली. बाकी इमारतीला पंखे होते. पंप दोन होते, एकसारखे, आणि प्रत्येकाचा व्हॉल्व्ह तसाच कुंकवाच्या तारेने बांधलेला. एक चालायचा, दुसरा पहिला बिघडला तर म्हणून उभा असायचा.

आणि चालणारा पंप असा काही गर्जायचा, की तळघरात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागे; नळांच्या अंगाने तो आवाज पार वर थिएटरपर्यंत जायचा. मी व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे दाबाचे काटे पाहिले. अलीकडे साडेतीन किलो, पलीकडे दोन. म्हणजे पंप जिवाच्या आकांताने पाणी ढकलत होता आणि अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह त्याला तिथल्या तिथे अडवत होता. बागेला पाणी घालताना नळ पूर्ण सोडावा आणि पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून धरावा, तसं चौदा वर्षं चाललं होतं.

वानखडेभाऊंना खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पंप गरजेपेक्षा फार मोठा आला होता. तो पूर्ण सोडला तर मोटर तापून बंद पडायची. बसवायला आलेल्या इंजिनिअरने व्हॉल्व्ह निम्मा बंद करून बघितला, मोटर तापेना, म्हणून तार बांधून तो आपल्या गावी निघून गेला. कुंकू वानखडेभाऊंनी वाहिलं. कोणी चुकून हात लावू नये म्हणून, म्हणाले. देवाच्या वस्तूला लोक हात लावत नाहीत.

ही गोष्ट मार्चमधली. एप्रिल लागला आणि अकोल्याने आपलं रूप दाखवायला सुरुवात केली.

तिसऱ्या मजल्यावर प्रसूती वॉर्ड होता, थेट स्लॅबखाली. तिथल्या सिस्टर गजभिये एका दुपारी मला हाताला धरून वर घेऊन गेल्या. बावीस खाटा, बावीस बाळंतिणी आणि बाळं, एक जुळं धरून, तेवीस. खिडक्यांवर ओल्या चादरी टांगलेल्या होत्या आणि त्या वीस मिनिटांत खडखडीत वाळत होत्या. पंखे होते, पण ते भट्टीतली हवा फिरवत होते. भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा एक्केचाळीसवर होता. सिस्टर म्हणाल्या की कूलर मिळाले असते तर भागलं असतं. त्यांच्या ओळखीचा एक कूलरवाला आठ कूलर फुकट द्यायला तयार होता, कारण त्याच्या दोन्ही मुली याच वॉर्डात जन्मल्या होत्या. पण पत्कीसाहेब नाही म्हणतात.

मी डॉ. पत्कींकडे गेले. उंच, शिडशिडीत, पन्नाशी ओलांडलेले सर्जन. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की इमारतीचा विजेचा मंजूर भार पूर्ण वापरला जातो आहे. मागच्या मे महिन्यात कोणीतरी पाणी उकळायचा एक हीटर जास्त लावला आणि मेन ब्रेकर पडला. तेव्हा थिएटरमध्ये त्यांच्या हाताखाली एका बाईचं पोट उघडं होतं. जनरेटर सुरू व्हायला चार मिनिटं लागली. त्या दिवसापासून या इमारतीत एकही बल्ब वाढणार नाही, असा त्यांचा हुकूम होता.

मी म्हटलं, बल्ब वाढवायचा नाही, भार कमी करायचा आहे. पंपाच्या पोटात पात्यांचं एक चाक असतं, इम्पेलर म्हणतात त्याला. ते लेथवर घासून थोडं लहान केलं आणि व्हॉल्व्ह उघडून टाकला, तर तेवढंच पाणी निम्म्या-पाऊण विजेत जाईल. उरलेल्या विजेत आठ कूलर सहज चालतील. मी वहीत आकडे मांडून नेले होते. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"तायडे," ते म्हणाले, "जे चालू आहे ते उघडून बघायचं नसतं. मी सर्जन आहे, मला विचारा." आणि वही परत दिली.

खरं तर गोष्ट तिथे संपायला हवी होती. ती संपली नाही, याचं श्रेय सिस्टर गजभियेंना.

त्यांनी दुसऱ्या दिवशी भर दुपारी वानखडेभाऊंना वर बोलावलं. कोपऱ्यातला पंखा आवाज करून राहिला, जरा पाहून द्या. भाऊ शिडी घेऊन गेले. पंख्याला काहीच झालेलं नव्हतं, पण सिस्टरनी त्यांना शिडीवर ठेवलं. स्क्रू घट्ट करा, आता दुसरा, आता त्या टोकाचा. अर्धा तास भाऊ स्लॅबपासून दोन फुटांवर उभे होते आणि खाली एक चार दिवसांचं बाळ सलग रडत होतं. खाली उतरल्यावर सिस्टरनी त्यांना पाणी दिलं आणि एक शब्दही न बोलता जाऊ दिलं.

भाऊ तळघरात आले. नळाखाली डोकं धरलं. मग गमछ्याने तोंड पुसत मला म्हणाले, "कोणत्या लेथवाल्याकडे न्याचं हाये ते चाक?"

मी म्हटलं, साहेबांनी नाही म्हटलंय.

"साहेबांनी चालू पंपाले नाही म्हटलं," भाऊ म्हणाले. "उभा हाये त्याच्याबद्दल काही बोलले काय?"

नव्हते बोलले. आणि त्यात एक शहाणपणही होतं. उभ्या पंपाचं चाक बिघडलं, तरी चालता पंप जागेवर होताच.

रविवारी थिएटरला सुट्टी असायची. सकाळी आम्ही उभा पंप उघडला आणि इम्पेलर बाहेर काढला. चांगलं परातीएवढं बिडाचं चाक, पंधरा-सोळा किलोचं. ते रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर काढायचं कसं, हा प्रश्न होता, कारण फाटकावरचा पहारेकरी लोखंडाचा खिळासुद्धा नोंद केल्याशिवाय सोडत नसे. सिस्टरनी चादरींचं एक मोठं गाठोडं बांधलं, चाक त्याच्या पोटात घातलं आणि गाठोडं ढकलगाडीवर ठेवलं. भाऊ गाडी ढकलत होते, सिस्टर पुढे, मी मागे. उतारावर नेमके डॉ. पत्की भेटले. रविवारीसुद्धा राउंड घ्यायची त्यांना सवय होती.

त्यांनी गाडीकडे बघितलं. एवढं जड काय आहे, असं विचारलं, कारण भाऊंच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

"काविळीच्या पेशंटच्या चादरी आहेत, सर," सिस्टर म्हणाल्या. "उकळायला नेतोय. जरा बाजूला व्हा."

पत्की दोन पावलं मागे सरले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि गाडी जाईपर्यंत त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. पहारेकऱ्याने ते दुरून बघितलं आणि फाटक आधीच उघडून ठेवलं.

लेथवाल्याने विचारलं, किती घासायचं? मी वही उघडली. वहीत साठ मिलीमीटर लिहिलेलं होतं. पण वहीतला आकडा आणि फिरतं लेथ यांच्यात फार अंतर असतं. जास्त घासलं गेलं, तर थिएटरला पाणी कमी पडेल, थिएटर तापेल, आणि मग माझी नोकरी हा सगळ्यात लहान प्रश्न असेल.

"घासल्यावर वाढत नाही, बाई," भाऊ शांतपणे म्हणाले. त्या दिवसापासून मी मॅडमची बाई झाले. "केसं थोडीच हायेत ते. पुन्हा एकदा गणित करा."

मी लेथवाल्याच्या बाकावर बसून पुन्हा गणित केलं. पुन्हा साठ आलं. तिसऱ्यांदा केलं, तरी साठच. लेथवाल्याने चहा मागवला. मग मी मान हलवली आणि त्याने पातं लावलं. बिडाचे काळे कण उडत होते आणि भाऊ हात जोडून उभे होते, जणू कोणाचं जावळ काढणं चाललंय. परत आल्यावर त्यांनी ते चाक दोन गुळगुळीत पट्ट्यांवर ठेवून फिरवून फिरवून पाहिलं, जड बाजू घासली, पुन्हा फिरवलं, आणि ते कुठेही थांबलं तरी स्थिर राहतंय असं दिसल्यावरच पंपात बसवलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता भाऊंनी पक्कडीने त्या पंपाच्या व्हॉल्व्हची तार कापली. कुंकू लागलेला तारेचा बोटभर तुकडा त्यांनी खिशात ठेवला. मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. त्यांनी घासलेला पंप सुरू केला.

आधी मला वाटलं, तो सुरूच झाला नाही. एक बारीक घूंघूं ऐकू येत होतं, बस. मी मोटरच्या वायरभोवती करंट मोजायचा चिमटा धरला. जुना पंप अडतीस अँपिअर घ्यायचा. काटा पंचवीसवर थांबला. तेरा अँपिअर वाचले होते, आणि सिस्टरच्या आठ कूलरना मिळून पाच-सहा पुरेसे होते.

पण खरी परीक्षा वर होती. नऊला हर्नियाचं ऑपरेशन, साडेदहाला पित्ताशयाचं. मी नळावरच्या थर्मामीटरसमोर स्टूल टाकून बसले. वर जाताना पाणी सात अंश, परत येताना बारा, हे रोजचं माप. नऊ वाजता बारा. दहा वाजता बारा. बाहेर लोक डोक्याला फडकी बांधून चालत होते. बारा वाजता साडेबारा अंश झालं आणि तिथेच राहिलं. थिएटरच्या नर्सला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली एकवीस आहे, नेहमीसारखं. मी उठून भाऊंचा हात हातात घेतला आणि हलवला. ते लाजले.

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉ. पत्की आत आले. डोक्यावर ऑपरेशनची हिरवी टोपी तशीच, कपाळावर घाम.

"आवाज कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सर, आज दुसरा पंप लावलाय, आलटून-पालटून चालवावा म्हणून. ते म्हणाले, थिएटर गरम झालंय. मी म्हटलं, एकवीस अंश आहे. त्यांनी थर्मामीटर बिघडला असेल असं सांगितलं. या थिएटरमध्ये त्यांना बारा वर्षांत कपाळावर घाम आला नव्हता, तो आज आला, तर थर्मामीटर खरा की घाम? जुना पंप लावा, म्हणाले, आणि निघून गेले.

आम्ही दोघं त्या शांत पंपाकडे बघत उभे राहिलो. जुना पंप लावला म्हणजे तेरा अँपिअर गेले, कूलर गेले, बावीस बाळंतिणी पुन्हा ओल्या चादरींखाली.

"त्याईले थंडावा नको हाये," भाऊ म्हणाले. "आवाज पायजे."

मग त्यांनी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचं झाकण आणलं, मोटरच्या मागच्या जाळीवर एका बोल्टने लावलं आणि बोल्ट ढिला केला. झाकण भणभणायला लागलं. अर्धा आटा अजून ढिला केला, तर ट्रॅक्टर आल्यासारखं वाटलं. भाऊंनी नाक मुरडलं. बोल्ट पाव आट्याने घट्ट केला, कान लावला, डोळे मिटले.

"पेटीवरची काळी दोन झाली," ते म्हणाले. "जुना काळी एकमध्ये गात होता."

झाकणाखाली सुतळीचा एक तुकडा घातला, बोल्ट केसभर फिरवला, पुन्हा ऐकलं. मग खाली बसून एक पाय हलवत त्यांनी त्या आवाजाबरोबर हलकेच गुणगुणून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. काळी एक लागली होती. तळघरात आम्हाला पुन्हा कानाला तोंड लावून बोलावं लागायला लागलं.

दोनच्या सुमाराला वरून फोन आला. आता कसं छान झालंय, असा पत्कीसाहेबांचा निरोप होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा अंगात स्वेटर घातला होता, कारण साहेब म्हणाले, आज फारच गार झालंय. थिएटरचा थर्मामीटर एकवीसवर होता.

मी आणि भाऊ इतके हसलो, की भाऊंना ठसका लागला.

त्या आठवड्यात कूलर वर गेले. आठही कूलर, नव्या गवताच्या ताट्या लावलेले. त्यांची लाइन मी मुद्दाम घासलेल्या पंपाच्या स्टार्टरमधून घेतली. तो पंप चालू, तर कूलर चालू; जुना लावला, तर कूलर आपोआप बंद. काही झालं तरी मेन ब्रेकरवर जास्त ओझं पडता कामा नये, एवढा धाक त्या चार मिनिटांचा मलाही होता. वॉर्डातला पारा एक्केचाळीसवरून एकतीसवर उतरला. बाळं झोपायला लागली. बाळंतिणींच्या सासवा भेटीची वेळ संपली तरी उठेनात. पत्कीसाहेब तिसऱ्या मजल्यावर कधी जातच नसत. तो विभाग दुसऱ्या डॉक्टरांचा होता आणि त्यांना आम्ही सांगितलं की वरून मंजुरी आहे. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनी विचारलं नाही.

महिनाभर आम्ही तिघांनी फार मजेत काढला. जेवणाच्या सुट्टीत सिस्टर खाली यायच्या आणि साहेबांच्या घामाची नक्कल करायच्या. भाऊंनी तर झाकणाला नाव ठेवलं होतं, 'छोटे साहेब'.

मे महिन्याच्या अखेरीस विजेच्या भाराचं वाचन आलं. सबंध महिन्यात एका वेळी सगळ्यात जास्त किती वीज ओढली गेली, तो आकडा. तो आकडा पत्कीसाहेब स्वतः तपासत. मे महिन्यात तो दरवर्षी वाढायचा. यंदा तो कमी आला होता. जास्त असता तर आम्हाला बोलावणं आलं असतं. कमी आला म्हणून ते कोणालाच काही बोलले नाहीत. दुपारी भाऊ जेवायला बाहेर झाडाखाली बसले होते, मी स्टोअरमध्ये होते, आणि साहेब एकटेच तळघरात उतरले.

त्यांनी काय पाहिलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्यांनी घासलेला पंप बंद केला आणि जुना सुरू केला, एवढं मला स्टोअरमध्ये आवाजावरून कळलं. काळी एक थांबली आणि लगेच दुसरी काळी एक सुरू झाली. मी धावत सुटले.

मी तळघरात पोचायच्या आधीच वरून आवाज आला. आठ कूलर एकदम बंद पडले होते. तिसऱ्या मजल्यावरचं एक बाळ रडायला लागलं, मग दुसरं, मग सगळीच. जिन्याच्या पोकळीतून ते रडणं खाली तळघरापर्यंत येत होतं. साहेब जिन्याकडे गेले. मी त्यांच्या मागे. ते तीन मजले न थांबता चढले.

सिस्टर गजभिये दारात उभ्या होत्या. आत खिडक्यांशी आठ कूलर गप्प उभे होते आणि ताट्यांतून पाणी ठिबकत होतं. साहेबांनी एकेक कूलर मोजला.

"हे कशावर चालतात?" त्यांनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "खालच्या लहान पंपावर, सर. आता बंद केलात तो."

साहेब वळले. पुन्हा खाली उतरले, आणि आता आमच्याबरोबर भाऊही होते, हातात अर्धी भाकरी. मी सगळं सांगून टाकलं. लेथ, साठ मिलीमीटर, चादरींचं गाठोडं, डब्याचं झाकण. नोकरी गेली, हे मी धरूनच चालले होते. भाऊंनी मध्येच सांगितलं की झाकण त्यांचं होतं, बाईंचा त्यात हात नव्हता.

साहेबांनी जुना पंप बंद केला. घासलेला सुरू केला. मग जाळीवरचं झाकण हाताने दाबून धरलं.

तळघर गप्प झालं. फक्त ते बारीक घूंघूं. साहेब झाकणावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मी पाहिलं, त्यांच्या कपाळावर खरोखर घाम येत होता. तळघरात तेव्हा चांगलंच गार होतं.

"दिवा लगेच लागला होता," ते म्हणाले. "बॅटरीचा. अंधार नव्हता. लोक म्हणतात अंधार झाला, पण तसं नव्हतं. आवाज गेला. सगळा एकदम. पंप, पंखा, रक्त ओढायचं यंत्र, सगळं. आणि इतकं शांत झालं, की मला रक्ताचे थेंब फरशीवर पडताना ऐकू येत होते. चार मिनिटं."

भाऊंनी हळूच विचारलं, "बाई वाचली ना, साहेब?"

"वाचली," साहेब म्हणाले. "तेव्हापासून मी ऑपरेशन करताना या पंपाला धरून असतो. तो गातोय तोवर सगळं ठीक आहे." त्यांनी हात उचलला आणि झाकण पुन्हा भणभणायला लागलं. "त्या सोमवारी मला वाटलं, पुन्हा तेच होतंय. थंड-गरम मला कळतच नव्हतं."

आम्ही तिघं महिनाभर त्या घामाला हसलो होतो. मी भाऊंकडे बघितलं, तर ते भाकरीकडे बघत होते.

जाताना साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या पंपाचं चाकही घासून घ्यायचं, या वेळी त्यांच्या सहीच्या कागदावर. आणि झाकण काढायचं नाही.

"कोणत्या सुरात ठेवू, साहेब?" भाऊंनी विचारलं, आणि त्यात चेष्टा नव्हती.

साहेबांनी विचार केला. "आहे तोच बरा आहे," ते म्हणाले.

याला आता तीस वर्षं होत आली. पुढे मी बऱ्याच मोठ्या इमारती पाहिल्या, बरेच पंप घासले, वीज वाचवायच्या त्या कामाला आता एक भारदस्त नावही मिळालंय आणि त्यावर लोक भाषणं देतात. पण मला आठवते ती त्या दिवशीची दुपार. पाच वाजता ट्रस्टींची बैठक होती आणि साहेब सापडत नव्हते. खोलीत नाहीत, थिएटरमध्ये नाहीत. ऑफिसचा माणूस मला विचारायला तळघरात आला. मी वर जाऊन पाहिलं.

ते तिसऱ्या मजल्यावर होते. रिकाम्या सहा नंबरच्या खाटेवर, बूट काढून, कूलरकडे तोंड करून गाढ झोपले होते. आठ कूलर घरघरत होते, इतके की बाळांचं कुरकुरणंही ऐकू येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीने आपली जास्तीची चादर त्यांच्या पायांवर टाकली होती. सिस्टर गजभिये टेबलाशी बसून तक्ते भरत होत्या.

फोन वाजला. ऑफिसमधून होता, ट्रस्टी येऊन बसले होते.

"साहेब राउंडवर आहेत," सिस्टर म्हणाल्या. "गंभीर केस आहे, आत्ता उठता येणार नाही." त्यांनी फोन ठेवला, उठल्या, आणि सहा नंबरजवळचा कूलर एका नंबरने वाढवला.